कोषाध्यक्षपद आणि राज्यकारभार : मुंबईचे व्यापारी, पक्षनिधी आणि सत्ता

राजकीय पक्षाचा अध्यक्ष, सरचिटणीस आणि प्रवक्ता यांची नावे मतदारांच्या कानावरून सतत जात असतात. कोषाध्यक्षाचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. कचेरीचे भाडे, कार्यकर्त्यांचा प्रवास, सभांचे मांडव, छपाई, जाहिराती आणि निवडणुकीच्या काळातील असंख्य लहानमोठे खर्च ज्या पैशातून भागतात तो पैसा जमवणे, त्याची नोंद ठेवणे आणि वर्षअखेरीस त्याचा हिशेब देणे ही त्या पदाची जबाबदारी असते. ज्याच्या शब्दावर दुसरा व्यापारी धनादेश लिहून देतो आणि ज्याला ताळेबंद वाचता येतो, असा माणूस या कामी लागत असल्याने भारतातील बहुतेक पक्षांनी हे पद व्यापार, उद्योग किंवा लेखापालनाच्या व्यवसायातून आलेल्या व्यक्तींकडे सोपवले आहे. देशाची आर्थिक राजधानी असलेल्या मुंबईकडे त्यामुळे सर्वच पक्षांचे लक्ष राहिले आणि या शहरातील काही व्यक्तींचा प्रवास पक्षाच्या तिजोरीपासून केंद्रीय मंत्रिमंडळापर्यंत झाला.

त्या प्रवासाचे सर्वांत अलीकडचे ठळक उदाहरण उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात सापडते. बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम या सहा विधानसभा क्षेत्रांच्या या मतदारसंघातून २०२४ मध्ये पीयूष गोयल निवडून आले. व्यवसायाने सनदी लेखापाल आणि गुंतवणूक बँकर असलेले गोयल भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय कोषाध्यक्ष होते, त्यांचे वडीलही त्याच पदावर होते आणि पितापुत्र दोघेही केंद्रात मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीचा अर्थ नीट लागण्यासाठी मात्र पक्षनिधीची परंपरा कोठून आली आणि तिला कायद्याची चौकट कशी मिळत गेली हे आधी पाहावे लागते.

विलेपार्ल्याच्या छावणीतील शेठजी

भारतीय राजकारणातील कोषाध्यक्षपदाला प्रतिष्ठा मिळवून देणारी व्यक्ती महाराष्ट्रातील होती. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये राजस्थानातील सीकरजवळच्या एका खेड्यात झाला आणि लहानपणीच वर्ध्याच्या बच्छराज शेठ यांच्या घराण्यात ते दत्तक आले. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागताध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्याच सुमारास पक्षाची तिजोरीही त्यांच्या हाती आली आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मृत्यू येईपर्यंत ते नाते टिकले.

या कामाची पहिली मोठी कसोटी लगेचच लागली. १९२१ च्या मार्चअखेरीस बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा, येथे काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीने टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचे ठरवले. तीन महिन्यांच्या मुदतीचा हा संकल्प त्या काळच्या किमतींच्या मानाने अवाढव्य होता, तरीही तो पूर्ण झाला आणि त्यात मुंबईचा वाटा फार मोठा होता. पुढे ज्यांच्या उद्योगसमूहाची वसाहत विक्रोळीत उभी राहिली त्या गोदरेज घराण्यातील अर्देशीर गोदरेज यांनी या फंडाला तीन लाख रुपये दिले. जमनालाल यांनी वकिली सोडून असहकारात उतरणाऱ्यांच्या निर्वाहासाठी स्वतःचे एक लाख रुपये दिले. ब्रिटिश सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवीही त्यांनी परत केली. त्या काळात पक्षाला पैसा देण्याचा अर्थ सत्तेची नाराजी ओढवून घेणे असा होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. देणगीच्या मोबदल्यात सरकारी कृपा मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मुंबईच्या उपनगरांशी जमनालाल यांचे नाव जोडले गेले ते १९३० मध्ये. मिठाच्या सत्याग्रहासाठी विलेपार्ले येथे स्वयंसेवकांची छावणी उघडण्यात आली आणि तिचे नेतृत्व जमनालाल यांनी केले. किशोरलाल मश्रुवाला हेही त्यांच्यासोबत होते. मुंबई शहरापासून वेगळे, पण लोकलने जोडलेले आणि जुहूच्या किनाऱ्याला लागून असलेले हे उपनगर मीठ तयार करण्याच्या कामी सोयीचे होते. पक्षाची तिजोरी सांभाळणारा माणूस येथे स्वतः कायदा मोडून तुरुंगात गेला. धनिकाने आपल्या संपत्तीकडे समाजाची ठेव म्हणून पाहावे आणि स्वतःला तिचा विश्वस्त समजावे, हा गांधीजींचा विश्वस्तवृत्तीचा विचार जमनालाल यांनी बराचसा आचरणात आणला. पक्षनिधी ही ठेव असते आणि ती सांभाळणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी काही मिळवायचे नसते, हा मापदंड त्यांच्यामुळे तयार झाला.

स्वातंत्र्यानंतर बदललेले नाते

१९४७ नंतर पक्ष आणि देणगीदार यांच्यातील संबंधाचे स्वरूप मुळापासून बदलले. ज्या पक्षाला पैसा द्यायचा तोच आता कारखान्याचे परवाने, आयातीचे कोटे आणि कर ठरवणारा सत्ताधारी झाला. परवाना देणारा आणि वर्गणी मागणारा हात एकच असेल तर दिलेली रक्कम श्रद्धेची, धाकाची की सोयीची हे बाहेरून ओळखणे कठीण होते. मुंबई काँग्रेसवर दीर्घकाळ पकड असलेले स. का. पाटील हे या काळातील पक्षनिधीच्या व्यवस्थेचे प्रमुख सूत्रधार मानले जात. मुंबईचे महापौरपद तीनदा भूषवून ते पुढे केंद्रात अन्न व कृषी आणि रेल्वे या खात्यांचे मंत्री झाले. १९६० मध्ये अमेरिकेशी झालेल्या मोठ्या धान्य कराराच्या वेळी अन्नखाते त्यांच्याकडे होते. ते स्वतः व्यापारी नव्हते, पण शहरातील व्यापारीवर्ग आणि दिल्लीतील सत्ता यांना जोडणाऱ्या दुव्याचे महत्त्व त्यांच्या कारकिर्दीतून स्पष्ट झाले.

कंपनीने राजकीय पक्षाला पैसा द्यावा की नाही हा प्रश्न न्यायालयात आला तोही मुंबईतच. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात, म्हणजे कंपनीचे उद्देश आणि अधिकार सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजात, दुरुस्ती करण्याचे ठरवले आणि एका भागधारकाने तिला विरोध केला. १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या खंडपीठाने तेव्हाच्या कायद्यानुसार दुरुस्ती मान्य केली. परंतु कंपन्यांचा पैसा पक्षांकडे वाहू लागला तर लोकशाहीचाच गळा आवळला जाण्याचा धोका आहे, असा स्पष्ट इशारा देऊन संसदेने याकडे लक्ष द्यावे असे न्यायालयाने सुचवले.

संसदेने लक्ष दिले, पण धोरण वारंवार बदलत राहिले. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणगीवर मर्यादा आली आणि ती नफ्याशी जोडली गेली. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घालण्यात आली. पक्षांचा खर्च मात्र बंदीमुळे थांबला नाही आणि सरकारी अर्थसाहाय्याची पर्यायी सोयही झाली नाही. त्यामुळे धनादेशाने येणारा पैसा रोखीने आणि नोंदीविना येऊ लागला, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. १९८५ मध्ये बंदी उठली आणि मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देणगी देण्याची मुभा मिळाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने हे प्रमाण साडेसात टक्के केले आणि संचालक मंडळाचा ठराव तसेच देणगी घेणाऱ्या पक्षाचे नाव नफातोटा पत्रकात देणे बंधनकारक ठेवले.

मुरली देवरा : बावीस वर्षांचे शहराध्यक्षपद

बंदी आणि मुभा यांच्या या काळात मुंबई काँग्रेसचे नेतृत्व मुरली देवरा या उद्योजकाकडे होते. १९६८ ते १९७८ या काळात नगरसेवक आणि त्यातील अखेरच्या पर्वात महापौर राहिलेले देवरा १९८१ मध्ये मुंबई प्रादेशिक काँग्रेस समितीचे अध्यक्ष झाले आणि २००३ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, ते पद त्यांच्याकडे राहिले. कुलाब्यापासून दहिसर आणि मुलुंडपर्यंतच्या संघटनेचा खर्च भागवणे आणि उद्योगजगताशी पक्षाचा संवाद चालू ठेवणे या दोन्ही कामांत त्यांचा हातखंडा होता. दक्षिण मुंबईतून ते चार वेळा लोकसभेवर गेले, नंतर राज्यसभेत आले आणि जानेवारी २००६ ते जानेवारी २०११ या पाच वर्षांत केंद्रीय पेट्रोलियम मंत्री होते. पेट्रोलचे दर ठरवण्याचा अधिकार सरकारकडून तेलकंपन्यांकडे सोपवण्याचा जून २०१० मधील महत्त्वाचा निर्णय त्यांच्याच कार्यकाळात झाला.

देवरा यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट सत्तेच्या पदावर नसताना घडली आणि तिचा लाभ देशातील प्रत्येक नागरिकाला झाला. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला आळा घालावा यासाठी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालयांच्या इमारती आणि सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. निधी जमवणारा नेता एवढीच ज्याची ओळख सांगितली जाते, त्याच्या सार्वजनिक कार्याचे मोल केवळ त्या ओळखीवरून ठरवता येत नाही.

गोयल घराणे आणि भाजपची तिजोरी

भारतीय जनता पक्षाची स्थापना एप्रिल १९८० मध्ये झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेरीस वांद्रे येथे पक्षाचे पहिले मोठे राष्ट्रीय अधिवेशन भरले. कंपन्यांच्या देणग्यांबाबत १९५७ मध्ये इशारा देणारे छागला या अधिवेशनाला पाहुणे म्हणून उपस्थित होते आणि अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे त्यांनी भावी पंतप्रधान म्हणून पाहिले. त्या वेळी नव्या पक्षाकडे सत्ता नव्हती आणि मोठ्या उद्योगांचा ओढा काँग्रेसकडे होता. मुंबईतील मध्यम व्यापारी, दुकानदार, दलाल आणि व्यावसायिक हाच या पक्षाचा आर्थिक आधार होता. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कांदिवली या उपनगरांत वाढत चाललेल्या गुजराती, मारवाडी आणि मराठी मध्यमवर्गीय वस्तीने तो आधार पुढे अधिक भक्कम केला.

या परिस्थितीत पक्षाचा पैसा सांभाळण्याची जबाबदारी वेदप्रकाश गोयल यांच्याकडे आली. बनारसला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले गोयल मुंबईत स्थिरावले होते आणि भाजपचे राष्ट्रीय कोषाध्यक्ष म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांच्या पत्नी चंद्रकांता गोयल या माटुंगा मतदारसंघातून तीन वेळा विधानसभेवर निवडून आल्या. घरातील एक व्यक्ती पक्षाची वही सांभाळते आणि दुसरी थेट मतदारांसमोर जाते अशी ही विभागणी होती. राज्यसभेचे सदस्य असलेल्या वेदप्रकाश यांना वाजपेयी यांनी २००१ मध्ये मंत्रिमंडळात घेतले आणि २००३ च्या जानेवारीपर्यंत नौवहन खाते, म्हणजे बंदरे आणि जहाजवाहतुकीचा कारभार, त्यांनी पाहिला. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र पीयूष यांचा जन्म १३ जून १९६४ रोजी मुंबईत झाला. सनदी लेखापाल परीक्षेत देशात दुसरा क्रमांक मिळवून आणि कायद्याचे शिक्षण पूर्ण करून ते गुंतवणूक बँकिंगच्या व्यवसायात गेले. कंपन्यांना भांडवल कोठून आणि कोणत्या अटींवर उभारावे, विलीनीकरण कसे करावे, अडचणीतील कर्जाची फेररचना कशी करावी याविषयी सल्ला देणे हे गुंतवणूक बँकरचे काम असते. याच काळात स्टेट बँक आणि बँक ऑफ बडोदा या सार्वजनिक बँकांच्या संचालक मंडळांवर आणि नद्याजोड प्रकल्पासाठी नेमलेल्या कृतिदलावरही त्यांनी काम केले. २०१० मध्ये नितीन गडकरी पक्षाध्यक्ष असताना त्यांची राष्ट्रीय कोषाध्यक्षपदी निवड झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातून ते राज्यसभेवर गेले. २०१४ च्या निवडणुकीत पक्षाच्या जाहिरात आणि प्रसिद्धी मोहिमेतही त्यांचा मोठा वाटा होता.

वडील कोषाध्यक्ष होते तेव्हाच्या आणि मुलगा कोषाध्यक्ष झाला तेव्हाच्या परिस्थितीत कायद्याने मोठा फरक पडला होता. २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक पक्षाच्या कोषाध्यक्षाने किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने वीस हजार रुपयांहून अधिक देणगी देणाऱ्यांची यादी दरवर्षी निवडणूक आयोगाला सादर करणे आवश्यक झाले आणि ती वेळेत न दिल्यास पक्षाला मिळणारी प्राप्तिकराची सवलत जाऊ शकते अशी तरतूद झाली. कोषाध्यक्ष या पदाचा उल्लेख त्यामुळे थेट कायद्याच्या मजकुरात आला आणि पूर्वी पक्षांतर्गत विश्वासावर चालणाऱ्या कामाला सार्वजनिक जबाबदारीचे रूप मिळाले. इतर देशांतही हीच दिशा दिसते : अमेरिकेत कोषाध्यक्ष नेमल्याशिवाय राजकीय समितीला देणगी स्वीकारता किंवा खर्च करता येत नाही, ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्यानुसार प्रत्येक पक्षाला नोंदणीकृत कोषाध्यक्ष असावा लागतो आणि जर्मनीच्या राज्यघटनेतच पक्षांनी आपल्या निधीचे स्रोत जाहीर करावेत असे कलम आहे.

ताळेबंदाची सवय आणि मंत्रिपद

मे २०१४ मध्ये पीयूष गोयल यांच्याकडे ऊर्जा, कोळसा आणि नवीकरणीय ऊर्जा या खात्यांचा स्वतंत्र कार्यभार आला. त्यानंतर चारच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने कोळसा खाणींच्या २१८ पैकी २१४ वाटपांना रद्दबातल ठरवले आणि नव्या वाटपाची पद्धत उभी करण्याची जबाबदारी या खात्यावर पडली. फेब्रुवारी २०१५ पासून इंटरनेटद्वारे जाहीर लिलाव सुरू झाले. निवड समितीने आपल्या विवेकाने खाण देण्याऐवजी बोली सर्वांसमोर लावली जाणे ही पद्धत पक्षनिधीच्या चर्चेतही महत्त्वाची आहे, कारण सरकारी निर्णयात मर्जीला जितकी कमी जागा राहील तितके देणगी देऊन मर्जी मिळवण्याचे आकर्षण कमी होते.

ऊर्जा खात्यातील दुसरे मोठे काम गुंतवणूक बँकरच्या ओळखीचे होते. राज्यांच्या वीज वितरण कंपन्या कर्जाखाली दबल्या होत्या. महाग व्याजामुळे तोटा वाढत होता आणि तोट्यामुळे पुन्हा कर्ज घ्यावे लागत होते. नोव्हेंबर २०१५ मधील ‘उदय’ योजनेनुसार राज्य सरकारांनी या कर्जाचा तीनचतुर्थांश भाग स्वतःकडे घ्यावा, त्यासाठी कमी व्याजाचे रोखे काढावेत आणि त्या बदल्यात कंपन्यांनी वीजगळती कमी करावी अशी रचना होती. व्याजाचा बोजा काही काळ हलका झाला, पण वितरणातील गळती आणि वसुलीचे दुखणे अनेक राज्यांत कायम राहिले आणि पुढे केंद्राला नवी योजना आणावी लागली. कर्जाची फेररचना कागदावर करता येते. मात्र दर ठरवण्यातील राजकीय अडचणी आणि थकबाकीची सवय यांवर केवळ वित्तीय कौशल्य पुरे पडत नाही, हे या अनुभवाने दाखवून दिले. एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी करून किंमत खाली आणणारी ‘उजाला’ योजना मात्र खरेदीतील व्यापारी शहाणपण सरकारी कामात किती उपयोगी पडते याचे चांगले उदाहरण ठरली.

३ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांना कॅबिनेट दर्जा आणि रेल्वे खाते मिळाले. महिना पूर्ण होण्यापूर्वीच, २९ सप्टेंबर रोजी, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ प्रवासी मृत्युमुखी पडले. रोज लोकलने कामावर जाणाऱ्या उपनगरवासीयांच्या जखमेवर बोट ठेवणारी ही घटना होती, कारण वाढत्या गर्दीला अपुरे पडणारे जिने आणि पूल हा अंधेरीपासून डोंबिवलीपर्यंतचा नेहमीचा अनुभव होता. एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथील पादचारी पूल लष्कराच्या मदतीने फेब्रुवारी २०१८ मध्ये उभे राहिले. त्याआधी, २५ डिसेंबर २०१७ रोजी, पश्चिम रेल्वेवर देशातील पहिली वातानुकूलित लोकल धावू लागली होती. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा काही भाग रुळांवर कोसळला आणि त्यानंतर मुंबईतील ४४५ पुलांची सुरक्षा तपासणी जाहीर झाली. देशाच्या अर्थव्यवहाराचे आकडे हाताळणाऱ्या मंत्र्याला येथे जिन्याच्या रुंदीचा आणि पुलाच्या वयाचा विचार करावा लागला, आणि सरकारी सेवेतील यश सामान्य प्रवाशाला अशाच गोष्टींतून मोजता येते.

अरुण जेटली यांच्या आजारपणात गोयल यांनी दोनदा अर्थखाते सांभाळले आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी हंगामी अर्थसंकल्प मांडला. लहान शेतकऱ्यांना वर्षाला सहा हजार रुपये देणारी किसान सन्मान योजना त्यात जाहीर झाली. २०१९ पासून वाणिज्य आणि उद्योग खाते त्यांच्याकडे आहे आणि संयुक्त अरब अमिराती, ऑस्ट्रेलिया, युरोपातील चार देशांचा ‘एफ्टा’ गट आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटन यांच्याशी झालेले व्यापार करार त्यांच्या कार्यकाळातील आहेत.

राज्यसभेतून मतदारांसमोर

निधी उभारणाऱ्या नेत्यांना संसदेत आणण्याचा रुळलेला मार्ग राज्यसभेचा असतो, कारण तेथे आमदार मतदान करतात आणि उमेदवाराला गल्लोगल्ली फिरावे लागत नाही. वेदप्रकाश गोयल याच मार्गाने संसदेत गेले, देवरा आयुष्याच्या उत्तरार्धात त्याच मार्गावर आले आणि पीयूष गोयलही २०२४ पर्यंत राज्यसभेतच होते. राम नाईक यांनी १९८९ पासून सलग पाच वेळा जिंकलेल्या आणि अलीकडे गोपाळ शेट्टी यांनी दोनदा राखलेल्या उत्तर मुंबईतून त्यांनी आपली पहिली लोकसभा निवडणूक लढवली आणि ३,५७,६०८ मतांच्या फरकाने ती जिंकली. पक्षाच्या देणगीदारांना ठाऊक असलेले नाव प्रथमच मालवणीच्या वस्तीपासून बोरिवलीच्या सोसायट्यांपर्यंतच्या मतदारांच्या पसंतीला उतरावे लागले, ही लोकशाहीच्या दृष्टीने स्वागतार्ह गोष्ट आहे.

व्यावसायिकाने उमेदवार म्हणून उभे राहण्याचा आणखी एक लाभ असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले शपथेवर जाहीर करावे लागतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत घाटकोपर पूर्वचे उमेदवार आणि बांधकाम व्यावसायिक पराग शाह यांची सुमारे ३,३८३ कोटी रुपयांची मालमत्ता मतदारांना कळली ती अशा प्रतिज्ञापत्रामुळेच. उमेदवाराच्या बाबतीत हे उजेडाचे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. पक्षाच्या बाबतीत मात्र ते अपुरेच राहिले आहे.

रोखे, निकाल आणि उरलेले काम

२०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरील टक्केवारीची मर्यादा काढण्यात आली, देणगी घेणाऱ्या पक्षाचे नाव देण्याचे बंधन गेले आणि जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना लागू झाली. निवडणूक रोखा म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला देता येणारे, देणगीदाराचे नाव जाहीर न करणारे वचनपत्र. पैसा बँकेमार्फत येईल आणि रोखीचे व्यवहार कमी होतील, तसेच विरोधी पक्षाला देणगी देणाऱ्याला सूडाची भीती राहणार नाही, असा युक्तिवाद या योजनेच्या बाजूने केला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना आणि कंपन्यांना दिलेली अमर्याद मुभा घटनाबाह्य ठरवली, कारण पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणे मतदाराच्या माहितीच्या अधिकारात येते. मार्च २०२४ मध्ये देणगीदारांच्या आणि पक्षांच्या याद्या जाहीर झाल्या तेव्हा जवळजवळ सर्वच प्रमुख पक्ष त्यात होते.

निकालानंतरही काही प्रश्न सुटलेले नाहीत. वीस हजारांपर्यंतच्या देणग्यांसाठी नाव देण्याचे बंधन नाही. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, पण पक्षाच्या एकूण खर्चाला कसलीच मर्यादा नाही. देणग्यांचे अहवाल वार्षिक असल्याने निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या पैशाची माहिती मतदान होऊन गेल्यावर कित्येक महिन्यांनी हाती येते.

निधी जमवणारी व्यक्ती मंत्री होते तेव्हा लागू पडणारा एक नियम जुना असून फारसा चर्चिला जात नाही. केंद्राने १९६४ मध्ये स्वीकारलेल्या मंत्र्यांच्या आचारसंहितेनुसार मंत्र्याने आपल्या व्यवसायाच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडावा, मालमत्तेची माहिती पंतप्रधानांना द्यावी आणि कोणत्याही कारणासाठी, मग ते राजकीय असो वा धर्मादाय, वैयक्तिकरीत्या देणगी स्वीकारू नये; पक्षासाठी कोणी थैली किंवा धनादेश हाती दिलाच तर तो त्वरित पक्षाकडे सोपवावा. कोषाध्यक्षाचे काम आणि मंत्र्याचे काम यांच्यामध्ये जी भिंत असायला हवी तिची आखणी या तरतुदीत आहे. मात्र हे नियम कायद्याच्या रूपात नसल्याने त्यांचे पालन पंतप्रधानांच्या देखरेखीवर अवलंबून असते. ती भिंत कायद्याने पक्की करणे आणि तिच्या पालनाची तपासणी स्वतंत्र यंत्रणेकडे देणे हे पुढचे आवश्यक पाऊल आहे.

व्यापारी किंवा लेखापाल राजकारणात आला म्हणून लोकशाहीची हानी होते असे या इतिहासावरून म्हणता येत नाही. टिळक स्वराज्य फंडापासून कोळशाच्या लिलावापर्यंत व्यवहाराची जाण, ठरलेल्या मुदतीत काम तडीस नेण्याची शिस्त आणि आकड्यांचा धाक नसणे हे गुण देशाच्या उपयोगी पडले आहेत. हानी होते ती देणारा, घेणारा आणि निर्णय करणारा यांच्यातील व्यवहार मतदाराच्या नजरेआड राहतो तेव्हा. मुलुंड किंवा कांदिवलीतील गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार सप्टेंबरअखेरपर्यंत सर्वसाधारण सभेपुढे तपासलेला जमाखर्च ठेवतो आणि कोणताही सभासद उभा राहून त्याला जाब विचारू शकतो. ज्या पक्षांच्या हाती देशाचा कारभार द्यायचा त्यांच्या कोषाध्यक्षांकडून तेवढीच अपेक्षा करणे गैर नाही. प्रत्येक मोठ्या देणगीची नोंद काही दिवसांत आणि निवडणुकीच्या काळात मतदानापूर्वी जाहीर व्हावी, असा नियम झाला तर निधी उभारणाऱ्या प्रामाणिक माणसावरील संशय दूर होईल आणि मतदार मत देण्याआधीच पक्षाची वही उघडून पाहू शकेल.